सेशन संपले, पुन्हा लॉगिन करा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत माणसाची आठवण ठेवणारी साधी वेबसेवा लिहायची आहे? या, बसा. परवाच अमळनेरला काकांचा ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरताना अशा एका सेवेचं दर्शन घडलं. एवढी विद्या एकट्या कर्त्याजवळ राहू नये म्हणून हा लेख.

एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या पद्धतीला, स्मरणशक्ती नसते. मागच्या पानावर कोण होतं हे ती पुढच्या पानाला सांगत नाही, म्हणून आठवण आपणच ठेवायची. कुठे? सर्व्हलेटच्या, म्हणजे विनंत्यांना उत्तर देणाऱ्या जावा कोडच्या, क्लासमध्ये अगदी वर, एक स्ट्रिंग फील्ड, म्हणजे मजकुराचा कप्पा: अर्जदाराचं नाव. पहिल्या पानाला भरा, शेवटच्या पानाला वाचा. प्रत्येकाची आठवण वेगळी ठेवायला एचटीटीपीसेशन दिलेलं आहे म्हणे, पण त्यासाठी दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात. कंटेनर, म्हणजे सर्व्हलेट चालवणारा टॉमकॅटसारखा प्रोग्रॅम, त्या सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्या गावांच्या विनंत्या, टॉमकॅटच्या मूळ सेटिंगला एका वेळी 200 थ्रेडपर्यंत (थ्रेड म्हणजे समांतर चालणारं काम), त्याच ऑब्जेक्टमध्ये घुसतात, हे मनावर घेऊ नका. टेस्टिंगला ऑफिसात तुम्ही एकटेच असता. तुमचं नाव तुम्हालाच दिसतं. झालं, पास!

मग होतं काय? काकांनी पहिल्या पानावर नाव आणि आधार नंबर भरला. दुसऱ्या पानासाठी सातबारा काढून गट नंबर टाकेपर्यंत तिकडे शहाद्याला कुणीतरी 'पुढे' दाबलं. पावती आली ती अशी: गट नंबर काकांचा, नाव आणि आधार नंबर शहाद्याच्या माणसाचा. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. सेंटरवाला मान वर न करता म्हणाला, "आसंच व्हस भाऊ, परत भरा." त्याची तरी काय चूक? रोज रांगेतल्या शिव्या तोच खातो, तुम्ही नाही. परत भरायला घेतलं तर लाईट गेली. लाईट आली तर ओटीपी येईना. ओटीपी आला तेव्हा पानभर इंग्रजी उमटलं, सगळ्यात वर जावा डॉट लँग डॉट नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅमला रिकामा कप्पा सापडल्याची बोंब. काका मला विचारतात, "कागद कमी पडला का रे आपला?" एका सत्तरीच्या माणसाला तुमच्या आळसापायी स्वतःचीच चूक वाटते. काय सांगायचं होतं मी त्यांना?

असो, असो. सल्ले राहिले.

स्प्रिंग, म्हणजे जावाचं तयार फ्रेमवर्क, वापरत असाल तर काळजी नको, तिथला विनंत्या झेलणारा कंट्रोलरही मुळात सिंगलटनच, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच, असतो. तेच फील्ड तिथे चिकटवा.

अर्ज क्रमांकासाठी एक इंट, म्हणजे पूर्णांकाचा कप्पा, ठेवा आणि प्लस-प्लस करत, म्हणजे एकेकाने वाढवत, राहा. वाचणं, एक मिळवणं, परत लिहिणं या तीन पायऱ्यांच्या मधेच दोन थ्रेड भेटले की दोघांना एकच क्रमांक मिळतो; तेवढीच ओळख वाढते. या तिन्ही पायऱ्या एका दमात करणारा अॅटॉमिकइंटिजर जावा 5 पासून, म्हणजे 2004 पासून फुकट मिळतोय, पण फुकटचं घेऊ नये. सर्व्हर रीस्टार्ट झाला की क्रमांक पुन्हा एकपासून, हा बोनस. डेटाबेस नावाची वस्तू असते म्हणतात.

सगळ्यांची माहिती साध्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत, कोंबा आणि कधीच काढू नका. हीप, म्हणजे जावाची मेमरी, भरला की सर्व्हर आपोआप विश्रांती घेतो.

गर्दी वाढली तर दुसरा सर्व्हर लावा, सेशन मात्र पहिल्याच्याच मेमरीत राहू द्या; दुसऱ्याकडे गेलेला माणूस तिथे अनोळखीच ठरतो.

टॉमकॅटचं सेशन मुळात 30 मिनिटं टिकतं. ते 5 वर आणा. सर्व्हर शेवटच्या विनंतीपासून वेळ मोजतो, त्यामुळे एका बोटाने लांबलचक फॉर्म भरणारा माणूस त्याच्या लेखी कधीच उठून गेलेला असतो.

पुरे. खरं सांगू का, हे अज्ञान नाही. हा निव्वळ बेफिकीरपणा आहे. दोन ब्राउझर उघडायचे, एकात एक नाव टाकायचं, दुसऱ्यात दुसरं, आणि आळीपाळीने 'पुढे' दाबायचं. चहा निवायच्या आत चूक दिसली असती. तेवढंही केलं नाही तुम्ही! बिल मात्र वेळेवर लावलं असेल. ते फील्ड आजच्या आज काढा. सेशनमध्ये ठेवा, डेटाबेसमध्ये ठेवा, कुठेही ठेवा, पण ज्याचं त्याला दिसू द्या. आणि शहाद्याच्या त्या माणसाचा आख्खा आधार नंबर आमच्या प्रिंटवर छापून आलाय, हे त्याला कोण कळवणार आहे? तुमचं हेल्पलाइन? तिथे कुणी फोन तरी उचलतं का?