कांदा चालत नाही, रेशीम चालते

आज सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका पूजेचे निमंत्रण आले. महाप्रसाद कांदा-लसूणविरहित असेल, चामड्याचे पट्टे व पाकिटे कृपया घरी ठेवावीत आणि पुरुषांनी शक्यतो रेशमी सोवळ्यात यावे, असे त्यात अत्यंत नम्रपणे लिहिले होते. नम्रपणाचाही संताप येऊ शकतो, हे मला आज कळले.

चामडे विटाळते आणि रेशीम मात्र पवित्र, हे कोणी ठरवले? रेशमाची अळी स्वतःभोवती धाग्याचा कोष विणते; तिचे पाखरू होऊन ते बाहेर पडले तर कोषाला भोक पडते आणि सलग धागा मिळत नाही, म्हणून त्याआधीच कोष वाफेत किंवा गरम हवेत ठेवून आतला जीव मारतात. एक किलो कच्च्या रेशमासाठी असे हजारो कोष लागतात. त्यातूनच कद, मुकटा, पीतांबर.

माझी मावशी जालना जिल्ह्यात तुती लावते आणि तिच्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पोसते. चंद्रिकेवरून, म्हणजे अळ्या ज्यावर कोष विणतात त्या चौकटीवरून, कोष काढायला झाले की तिच्याकडे लगीनघाई असते, कारण ते वेळेत बाजारात पोहोचलेच पाहिजेत. जालन्यात 2018 मध्ये कोष बाजार सुरू होण्याआधी इकडचे शेतकरी थेट कर्नाटकात रामनगरला माल नेत असत. ती म्हणते, "पाखरू निघालं की पैसा उडाला." सोवळ्याचा विषय काढला, तेव्हा ती हसून म्हणाली, "आम्ही जीव पोसतो अन् जीव विकतो, त्यात देवाला कशाला ओढायचं?"

याच मावशीमुळे मला रेशमाला सरसकट शिव्याही घालता येत नाहीत. शेजारच्या कपाशीवरचे औषध तुतीच्या पाल्यावर उडाले तर अळ्या मरतात, म्हणून ती फवारणीवरून भांडणे काढते. उसाइतके पाणी तिच्या विहिरीला कधीच नव्हते, पण ठिबकवर तुती तगते. मात्र शेताबाहेर पडल्यावर कोष उकळायला जळण लागते, धाग्याचा डिंक साबण-सोड्याने काढावा लागतो आणि रंगाचे पाणी पुष्कळदा गटारात जाते. पॉलिस्टर याहून वाईट, हे मान्य; धुताना त्यातून प्लॅस्टिकचे तंतू सुटतात. म्हणून रेशीम सात्त्विक ठरत नाही.

'अहिंसा रेशीम घ्या' असे कोणीतरी सांगेलच. त्यात पाखराला बाहेर पडू देतात, हे चांगलेच आहे. पण माणसाने हजारो वर्षे पाळलेले तुतीवरचे ते पाखरू धड उडू शकत नाही, काही खात नाही आणि थोड्याच दिवसांत मरते. त्यापेक्षा आसाम-मेघालयातली एरी रेशमाची रीत मला प्रामाणिक वाटते: कोषाचे एक टोक मुळातच उघडे असते, आणि आतला किडा लोक आवडीने खातात. सोवळेवाल्यांनी जरा हे पचवून पाहावे.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे. आईची पैठणी मी नेसते आणि पुढेही नेसेन. जे जीव गेले ते ती कपाटात ठेवून परत येणार नाहीत. नवे रेशीम मात्र घेणार नाही. मावशीला हे कळले की ती विचारील, "मग आमचे कोष कोण घेणार?" त्यावर माझ्याकडे आज तरी उत्तर नाही.