राखणेचा कोंबडा

आमच्या कोंबड्याचं आयुष्य माझ्या डाव्या गुडघ्यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली असावी असा मला दाट संशय आहे.

साठी उलटली आणि गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या, शेक, व्यायाम असं सगळं लिहून दिलं. आईचा डॉक्टरांवर विश्वास आहे, पण एकट्या डॉक्टरांवर नाही. तिने राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं, "झिलाचो गुडघो बरो होवंदे, तुका कोंबो दितंय." या देण्याला आमच्याकडे राखण म्हणतात. शेजारचे भाऊ सवयीने "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि व्यवहार पक्का झाला. त्या दिवसापासून मागीलदारचा एकुलता एक कोंबडा देवाचा झाला. देवाच्या कोंबड्यावर काठी उगारायची नाही, त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे गुडघा बरा झाल्याशिवाय त्याच्या मानेला हात लावायचा नाही. गटारी आली आणि गेली. वाडीतल्या घराघरांतून वाटपाचा वास सुटला होता आणि हा आमच्या गडग्यावर उभा राहून आरवत होता.

मी एसटीत कंडक्टर होतो. गणपतीतली गर्दी, शिमग्यातली गर्दी, सुट्ट्या पैशांवरून पेटलेली भांडणं, सगळं उभ्याने निभावलं. घाबरायचो फक्त चेकरला. तो कुठल्या फाट्यावर, कुठल्या झाडाखाली उभा असेल याचा नेम नसायचा. आज निवृत्तीनंतर घरापासून न्हाणीपर्यंत जाताना मला अगदी तसंच वाटतं. म्हणून मी या कोंबड्याचं नाव चेकर ठेवलं. आईला ते आवडलेलं नाही. देवाच्या जिनसाला नाव ठेवू नये म्हणते.

तो लहानपणी असा नव्हता. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती, एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली, आणि मुंगूस येऊन त्यातलं हे एकच ठेवून गेला. मे महिन्याच्या सुट्टीत नातू डोंबिवलीहून आलेला. त्याने ते पिल्लू खोक्यात घालून, वर बल्ब लावून, तळहातावर कण्या भरवून वाढवलं. ते त्याच्या खांद्यावर बसायचं, त्याच्याबरोबर टीव्ही बघायचं. जूनमध्ये नातू गेला डोंबिवलीला, आणि पिल्लाला तुरा फुटला तो माझ्या वाट्याला. गुरांच्या डॉक्टरांचं म्हणणं, असं हातावर वाढलेलं नर पिल्लू माणसाला माणूस समजतच नाही. त्याच्या लेखी तुम्ही दुसरा कोंबडा. पाच-सहा महिन्यांचा होऊन अंगात रग आली की तो आधी तुमचाच निकाल लावायला येतो. म्हणजे या घरात मला कुणीतरी प्रतिस्पर्धी मानतं. बायकोने इतक्या वर्षांत हा मान कधी दिला नव्हता.

हल्ल्याची त्याची एक पद्धत आहे. आधी तो माझ्याकडे लक्षच नसल्यासारखा जमिनीवर चोच मारतो. खायला तिथे काही नसतं, नुसता अभिनय. मग एक पंख खाली सोडून तिरका तिरका चालत जवळ येतो. इथे शहाणा माणूस मागे फिरतो. पण कोंबड्याला पाठ दाखवली की संपलं. मानेची पिसं फुलतात, आणि पुढच्या क्षणी दोन्ही पाय पुढे करून तो हवेत असतो. पायामागचा काटा हे त्याचं खरं हत्यार. आत हाड आणि वरून शिंगासारखं टणक कवच. लुंगी त्याच्यापुढे काहीच नाही. आणि तो काटा दर वेळी डाव्या गुडघ्यावरच बसतो. उजवा मी मुद्दाम पुढे करून पाहिला. त्याने वळसा घातला.

उपाय सुचवायला अख्खी वाडी तयार होती. भाऊ म्हणाले, छत्री उघड, भितो. उघडली. त्याने छत्रीशी इतकी मनापासून झुंज दिली की पावसाळ्याच्या तोंडावर दोन काड्या बाहेर आल्या. कुणी म्हणालं, लाथ मार. एक तर देवाचा जिन्नस, आणि दुसरं म्हणजे लाथ मारायला एका पायावर उभं राहावं लागतं. त्या एका पायाबद्दलच तर हे सगळं चाललंय. शिवाय गुरांचे डॉक्टर म्हणाले, लाथ मारलीत की त्याने दिलेलं आव्हान तुम्ही स्वीकारलंत असं तो धरतो. मग शेवटी डालगं. पहाटे खुराड्यातून बाहेर आला की वरून डालगं झाकायचं आणि त्यावर चिरा ठेवायचा. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलो. झाकलेलं कोंबडं ओरडायचंही राहत नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी आईनेच चिरा बाजूला केला. "देवाचो जीव घुसमाटता."

डॉक्टरांनी सांगितलेला उपाय वेगळा होता. कोंबड्याला अंधारात जवळपास काही दिसत नाही, तेव्हा रात्री त्याला खुराड्यातून अलगद उचला, पंख दाबून काखेत धरा, आणि तो शांत होईपर्यंत सोडू नका. मी तसं केलं. पडवीत बाकड्यावर बसलो, काखेत चेकर. पाच मिनिटं तो धडपडला, मग मान टाकून स्वस्थ बसला. अंगाने चांगलाच गरम असतो. छातीतली धडधड माझ्या बरगड्यांना कळत होती. तेवढ्यात भाऊ बॅटरी घेऊन रस्त्याने चालले होते, त्यांनी झोत मारला. बराच वेळ आम्हा दोघांकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी वाडीत बातमी होती की मी देवाचा कोंबडा रात्री लपूनछपून कापायला काढला होता. आणि चेकर? सकाळी मी न्हाणीकडे निघालो, तर हा पंख सोडून तिरका. डॉक्टर म्हणाले, रोज धरावं लागेल. मी म्हटलं, रोज धरायला लागलो तर लोक वेगळंच काही बोलतील.

बायको त्याची बाजू घेते. "अहो, घार आली की आधी तोच ओरडतो, कोंबड्या पटापट मांगरात शिरतात. अळी सापडली तर स्वतः खात नाही, कुकुक करून त्यांना बोलावतो. तुम्ही कधी भजी उरवलीत?" हे खरं आहे, भज्यांचंही. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याची वरपासून खालपर्यंत उतरंड असते, हे एका नॉर्वेजियन माणसाने १९२२ साली लिहून ठेवलंय. त्याला आमच्या मागीलदारी एक चक्कर मारायला हवी होती. सगळ्यांच्या वर चेकर, मग ती काळी कोंबडी, मग बाकीच्या, तळाशी खुडूक बसलेली, आणि तिच्याखाली मी. खुडूक कोंबडीही मला टोचते. आई या उतरंडीत नाही. ती नुसती "शूऽऽ" म्हणते आणि चेकर बाजूला होतो.

आरवण्यातही तसंच. जपानातल्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी प्रयोग करून दाखवलंय की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं, उजेड दिसायची त्याला गरज नाही. आणि एकत्र ठेवले तर सगळ्यांत वरचा कोंबडा आधी आरवतो, बाकीचे आपापल्या पायरीने मागून. भाऊंचा कोंबडा गडग्यापलीकडे असतो, पण पहाटे चारला आमचा आरवल्याशिवाय तो चोच उघडत नाही. भाऊ हे मनाला लावून घेतात.

आणि मग गुडघा बरा झाला. न्हाणीपर्यंत धाव, विहिरीवरून उलट्या पावली चाल, गडग्यावर एका उडीत चढ, या सगळ्याने मांड्यांत जोर आला. मांडी बळकट झाली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, असं माझे डॉक्टर म्हणाले. कुठला व्यायाम करता, हेही त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.

घरी येऊन मी आईसमोर चार उठाबशा काढून दाखवल्या. ती देवाला हात जोडून म्हणाली, "बरा झाला. बाजारातसून एक कोंबो घेवन ये."

"बाजारातून कशाला? आपला आहे की."

"मी कोंबो सांगलंय. ह्योच कोंबो म्हणान खय सांगलंय?"

असा युक्तिवाद कोर्टात ऐकला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. भाऊंनाही विचारून पाहिलं, कारण 'व्हय म्हाराजा' त्यांनीच म्हटलं होतं. ते म्हणाले, म्हातारीचं बरोबर आहे. राखण द्यायची ती कोंबड्याची, नाव घेऊन थोडीच देतात?

आठवड्याच्या बाजारात गावठी कोंबड्याचा भाव ऐकून दुसरा गुडघा दुखायला लागला. घासाघीस करून एक तांबडा घेतला, पाय बांधून पिशवीत घातला, स्कूटरला अडकवून आणला. राखण रविवारी. तोवर त्याला मागीलदारी डालग्याखाली ठेवला.

चेकरने डालग्याच्या फटींतून तो तांबडा तुरा पाहिला आणि जो फुलला, तो अजून मिटलेला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डालग्याभोवती एक पंख सोडून तिरक्या फेऱ्या. आतून तांबडा ओरडतो, बाहेरून हा. न्हाणीकडे मी सावकाश चालत जातो. काल तर विहिरीवर अर्धा तास दाढी करत बसलो, एकदाही मागे वळून बघितलं नाही.

रात्री जेवताना मी आईला सहज विचारलं, राखण दोन-तीन महिने पुढे ढकलली तर देवाला चालेल का.

तिने ताटातून मान वर केली. "कित्याक रे? गुडघो परत दुखाक लागलो?"