डोंबिवलीच्या ताईंना उत्तर : इस्तंबूलची मांजरं आणि ३५ एमएमची लेन्स

नमस्कार ताई,

इस्तंबूलच्या मांजरांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. दोन ओळींत आभार मानून पुढे जावं अशी ती नाही. डोंबिवलीत बिल्डिंगखालच्या अकरा मांजरांना तुम्ही रोज जेवू घालता, पदरचे पैसे घालून त्यांची ऑपरेशनं करून आणता. म्हणजे हा विषय माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : रस्त्यावरच्या जनावरांचे हाल मी देखणे करून दाखवते, मासळीचं आमिष दाखवून फोटो काढते, आणि इथल्या मांजरांकडे ढुंकूनही न बघता परदेशातल्या मांजरांचं कौतुक करते.

मासळीचं आधी सांगते, कारण तिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात. इस्तंबूलच्या काराकॉय भागातला तो फोटो, ज्यात सात मांजरं एका रांगेत बसून वर बघताहेत, तो मी पाव किलो हामसी विकत घेऊन मिळवला. (हामसी म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी.) फोटो मिळाला आणि पुढच्याच मिनिटाला एका दांडग्या बोक्याने एका पोटुशा भाटीला असं बोचकारलं की तिच्या नाकातून रक्त आलं. या मांजरांची खायची जागा ठरलेली असते, कोण आधी आणि कोण मागून हेही ठरलेलं असतं. तिथे परक्या माणसाने पिशवी उघडली की मारामारी होणारच. त्यानंतर मी खाणं दाखवून एकही फोटो काढलेला नाही. पण फोटो लेखात ठेवला आणि हकीकत गाळली, हे चुकलं. आता ती फोटोखाली लिहिली आहे.

बालात या तिथल्याच वस्तीतल्या पिल्लाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते जास्त लागलं. 'नुकतीच झोपेतून उठलेली राजकन्या' असं मी त्या फोटोखाली लिहिलं होतं. तुम्ही लिहिलंत, "ही झोप नाही, डोळे चिकटलेत तिचे." फोटो मोठा करून पाहिला. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पू, नाकाशी सुकलेला शेंबूड. मांजरांचा फ्लू. एवढ्या लहान पिल्लाचा यात डोळासुद्धा जाऊ शकतो. मी त्या पायरीसमोर वीस मिनिटं बसले होते. भिंतीवरून परतणारा उजेड तिच्या अंगावर कसा पडतोय ते बघत होते, आणि तिचा डोळा मला दिसला नाही. शेजारच्या दुकानात जाऊन नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तिथल्या दुकानदारांना गल्लीतलं आजारी पिल्लू कुठे न्यायचं ते माहीत असतं, महापालिकेचा बसमधला फिरता दवाखानाही आहे. ती ओळ मी काढून टाकली. फोटो ठेवला आहे, खाली तुमचं वाक्य घातलं आहे. नको असेल तर सांगा.

आता जिथे माझं तुमच्याशी जमत नाही ते. 'तिथली मांजरंही उपाशीच, फक्त मागे घुमट आहे म्हणून सुंदर' असं तुम्ही म्हणता. इस्तंबूल हा प्राण्यांचा स्वर्ग नाही, हे खरंच आहे. त्याच शहराच्या कारभाऱ्यांनी १९१० साली रस्त्यावरचे हजारो कुत्रे मार्मरा समुद्रातल्या एका उजाड बेटावर नेऊन सोडले. ते तिथे भुकेने आणि तहानेने मेले. २००४ च्या कायद्याने भटक्या प्राण्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असं ठरलं होतं. २०२४ च्या जुलैमध्ये तो बदलला आणि रस्त्यावरचे कुत्रे उचलून निवाऱ्यात न्यायचं ठरलं. त्याविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली होती. मांजरं आज निवांत आहेत म्हणून कायम राहतील असं मी समजत नाही.

पण माझ्या फोटोंमध्ये घुमट फारसे नाहीतच. पुन्हा बघा. जवळजवळ प्रत्येक फोटोत कुठेतरी कुणाचा तरी हात लागलेला आहे : खिडकीखाली आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी, झाडाच्या बुंध्याशी वर्तमानपत्रावर ओतलेलं कोरडं खाणं, जिहांगिरच्या उतारावर फळ्या ठोकून केलेलं घर, नसबंदी झालेल्या मांजरांच्या कानाला असते ती बारीक खाच. खाण्याला तिथे 'मामा' म्हणतात, प्राण्यांच्याही आणि तान्ह्या बाळांच्याही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं 'मम्मं' आठवलं.

आणि एक गोष्ट लेखात लिहायची राहून गेली, ती तुमच्या तिसऱ्या आक्षेपाशी जोडलेली आहे. लेखातल्या बावीस फोटोंपैकी अठरा मी ३५ एमएमच्या लेन्सने काढलेत. या लेन्सला झूम नाही. मांजराचा चेहरा चौकटीत भरायचा तर हातभर अंतरावर जावं लागतं. मी जमिनीवर बसते, कॅमेरा मांडीवर ठेवते, फ्लॅश कधीच वापरत नाही, हात लावत नाही (रेबीज तिथेही आहे), आणि वाट बघते. काही वेळाने मांजर पाय चाटायला लागतं, म्हणजे मी तिथे आहे हे ते विसरलेलं असतं. मग कॅमेरा डोळ्याला लावते.

पुण्यात माझ्या गल्लीत हे होत नाही. तुम्हाला वाटतं मी इथल्या मांजरांचे फोटो काढत नाही. माझ्याकडे असे दोनशेच्या वर फोटो आहेत, मी ते कधी छापले नाहीत. ते सगळे २०० एमएमवर, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सने, पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून काढलेले. गाडीखाली चमकणारे दोन डोळे. भिंतीवरून उडी मारताना पाठ. नुसती शेपूट. मी खाली बसायला लागले तरी मांजर पळतं, कारण माणूस वाकतो तो दगड उचलायला, हे ते शिकलेलं आहे. आडवं गेलं म्हणून पायातली चप्पल भिरकावलेली मी पाहिली आहे. पिल्लं दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत माणसाच्या हाताला सरावली तर जन्मभर माणसाला फारशी बुजत नाहीत. नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे पिल्लं पोत्यात भरून लांब सोडून येतात. इस्तंबूलमध्ये त्याच वयात शाळेतून घरी जाणारं पोर त्यांच्यासमोर 'पिसी पिसी' करत बसलेलं असतं.

कादिकॉय भागातल्या झिव्हरबेमध्ये तोंबिली नावाचं एक गुबगुबीत मांजर होतं. फुटपाथच्या पायरीवर एक कोपर टेकवून, पोट सोडून, चहाला बसलेल्या माणसासारखं ते रेललेलं असायचं. २०१६ मध्ये ते गेलं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, जागतिक प्राणी दिनी, त्याच जागी त्याच बैठकीतला ब्राँझचा पुतळा बसवला. महिन्याभराने पुतळा चोरीला गेला, आणि काही दिवसांनी परत आला. मी तिथे गेले तेव्हा त्याच्या पुढ्यात कुणीतरी मूठभर खाणं ठेवलेलं होतं आणि एक जिवंत मांजर ते खात होतं. मला त्या बैठकीचंच अप्रूप वाटतं. वाहत्या रस्त्याच्या कडेला पोट उघडं टाकून झोपायला मांजराला किती वर्षं कुणीच लाथ मारलेली नसावी लागते! तेवढ्यासाठी मी तिकडे जाते. माणूस आणि मांजर यांच्यातलं ते हातभर अंतर फोटोत पकडता येतं का, हे बघायला.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मनातून जात नाही : संध्याकाळी तुम्ही जिन्याच्या पायरीवर बसलात की त्या अकरांतली चार तुमच्या मांडीवर येतात. म्हणजे डोंबिवलीतल्या एका जिन्यापाशी ते अंतर आहेच, आणि ते तुम्ही केलं आहे. मी ते कधी पाहिलेलं नाही.

मला यायचं आहे. एकटी येईन, फक्त ३५ एमएम आणेन, खायला काही आणणार नाही. तुम्ही सांगाल तिथे बसेन, आणि पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे म्हणालात तर राहील. त्यांची जेवायची वेळ काय असते, आणि त्याच्या किती आधी मी पोहोचलं म्हणजे ती बुजणार नाहीत, एवढं कळवा.