खुलासा : दक्षिणेचे सैनिक चार वर्षं अनवाणीच लढले का?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५) एक दावा फिरतोय: दक्षिणेचे, म्हणजे कॉन्फेडरेट, सैनिक शेवटपर्यंत फाटक्या कपड्यांत, अनवाणी लढले. हे अर्धसत्य आहे.

सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची फौज उत्तरेच्या बाजूच्या मेरीलँड राज्यात शिरली, तेव्हा हजारोंच्या पायात धड बूट नव्हते, हे खरं. तोवर गणवेशाची सोय मुख्यतः सैनिकाने किंवा त्याच्या तुकडीने करायची आणि सरकारने भत्ता द्यायचा, अशी पद्धत होती. त्याच वर्षअखेरीपासून ती मोडीत निघाली आणि सरकारी पुरवठा वाढला. दक्षिणेची राजधानी रिचमंड इथल्या सरकारी कोठारात कापड बेतलं जाई आणि शिलाई शहरातल्या बायका घरी करत. उत्तरेच्या आरमाराने घातलेली बंदरांची नाकेबंदी चुकवून इंग्लंडहून निळसर करडं लोकरी कापड येई. आयर्लंडमधल्या लिमरिकच्या पीटर टेट यांच्या कारखान्यातून तर तयार जाकिटं आली. एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या खंदकांत पडलेल्या मृत कॉन्फेडरेट सैनिकांच्या छायाचित्रांत धडधाकट जाकिटं आणि बूट दिसतात.

म्हणून सगळं आलबेल होतं असंही नाही. १८६३-६४ च्या हिवाळ्यात पूर्व टेनेसीत दक्षिणेचे जनरल लाँगस्ट्रीट यांच्या सैनिकांचे बुटांवाचून हाल झाले. बूट लांबच्या कूचेत झिजत आणि मोडकळीला आलेली रेल्वे नवे वेळेवर पोचवू शकत नसे. त्यातच नॉर्थ कॅरोलिनासारखं राज्य आपला साठा आधी आपल्याच पलटणींसाठी राखी! खरी आबाळ पोटाची होती, पण अनवाणी पायांची गोष्टच जास्त रंगवली जाते.