घरातला शिपाई

"व्यसन नवऱ्याला, मग काउन्सेलरकडे तू कशाला जातेस?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारून झालाय की आता एकदाच इथे लिहून टाकते.

११ वर्षं मी घरातली शिपाई होते. तो दारात आला की बूट काढायच्या आत माझं नाक त्याच्या तोंडाजवळ. खिसे, गाडीची डिकी, कपाटाचा वरचा खण, सगळ्याची झडती. बाटली सापडली की भांडण. नाही सापडली तरी भांडण, कारण मग "कुठे लपवलीस?" आणि भांडण झालं की त्याला प्यायला आयतं निमित्त.

दोनदा तो एकटाच उपचार घेऊन आला. दोन्ही वेळा माणूस थोडा बदललेला, घर मात्र होतं तसंच. तिसऱ्या खेपेला काउन्सेलर बाईंनी दोघांना बोलावलं तेव्हा मी भडकलेच. पितो तो, आणि खुर्चीत मीही? त्या म्हणाल्या, "ते पितात ते तुमच्यामुळे नाही. पण सोडल्यावर राहणार आहेत तुमच्याबरोबरच."

या पद्धतीला बिहेवियरल कपल थेरपी म्हणतात. रोज ठरलेल्या वेळी त्याने सांगायचं, "काल प्यायलो नाही, आज पिणार नाही." दारूपासून लांब राहायला डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची गोळी माझ्यासमोर घ्यायची. मी आभार मानायचे आणि कॅलेंडरवर खूण करायची. (ही गोळी चोरून जेवणात कालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तिच्यावर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, प्रसंगी जिवावर बेततं.) मग दिवसभर दारूचा विषय बंद. जुनं उकरायचं नाही, शंका आली तर ती सेशनमध्ये मांडायची, आणि रागाच्या भरात घटस्फोटाची धमकी द्यायची नाही. गोळी त्याची होती, पण कडू मलाच जास्त लागली.

शिवाय जोडीदाराने केलेली एक चांगली गोष्ट रोज लिहायची. माझं पहिलं पान असं: 'सोमवार, वेळेवर आला. मंगळवार, काही नाही. बुधवार, काही नाही.' त्याने मंगळवारी लिहिलं होतं, 'आज तिने खिसे तपासले नाहीत.' खरं तर विसरले होते.

या थेरपीच्या १२ चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास २००८ मध्ये आला. त्यात एकट्याने घेतलेल्या उपचारांच्या तुलनेत उपचार संपताना फरक दिसला तो फक्त नात्यात. पिण्यातला फरक नंतरच्या काळात दिसला. आमचंही तसंच झालं. आधी भांडणं कमी झाली, तो मात्र त्यानंतरही दोनदा घसरला.

डोळे झाकून विश्वास ठेवा असंही म्हणत नाही. या क्षेत्रातल्या एका बड्या संशोधकाला, विल्यम फॉल्स-स्टुअर्टला, २०१० मध्ये अमेरिकेत अटक झाली. संशोधनातल्या गैरप्रकाराच्या चौकशीत भाड्याचे नट साक्षीदार म्हणून उभे केल्याचा आरोप होता. खटला चालण्याआधीच तो गेला. पण टिमथी ओ'फॅरेल आणि इतरांचं काम आहेच, आणि उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत ही थेरपी सुचवली आहे, तीही जोडीदार स्वतःहून यायला तयार असेल तर.

त्या 'तयार असेल तर'वर माझा जोर आहे. "तू सांभाळून घे, सुधारेल" म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे वाचून बायकोला खुर्चीत ढकलू नये. घरात गंभीर मारहाण असेल तर आधी तिची सुरक्षितता, थेरपी नंतर. दोघंही पीत असतील तर हे गणित वेगळं. आणि शरीराला दारूची सवय जडलेली असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, गप्पांनी नाही.

आता आम्ही महिन्यातून एकदा जातो. परवा तो तासभर उशिरा आला. मी दार उघडलं आणि नाक पुढे गेलंच. त्याला कळलं, मलाही कळलं. दोघं काही बोललो नाही. शनिवारी सेशन आहे, तिथे काढणार आहे.