दोन चाली, तीन रात्री

मला बुद्धिबळ चांगले येते, असा माझा गेली तीस वर्षे समज होता आणि तो दूर करण्याची गरज आजवर कोणाला वाटली नव्हती. ती गरज अखेर माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला वाटली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून नागपुरातच राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी नृत्याचा क्लास मागे पडून बुद्धिबळाचा क्लास सुरू झाला. आणि क्लासमध्ये मिळालेला गृहपाठ मामाकडे पाठवून त्याची परीक्षा घेणे हा या कन्येचा रात्रीच्या जेवणानंतरचा उद्योग होऊन बसला.

सोमवारी रात्री तिने पटाचे एक चित्र पाठवले आणि खाली लिहिले, "पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. सोप्पं आहे मामा." पटावर मोजून सात सोंगट्या होत्या. डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात काळा राजा, त्याला खेटून काळा उंट आणि उंटाला खेटून चक्क पांढरा राजा, असे तिघे एका बाकावर बसल्यासारखे होते. काळा राजा आणि उंट यांच्या पुढ्यात एकेक काळे प्यादे होते, त्यांतल्या उंटापुढच्या प्याद्याच्या नाकासमोर एक पांढरे प्यादे अडून उभे होते आणि दूर खाली, काळ्या राजाच्याच उभ्या पट्टीत, पांढरा हत्ती होता. एवढ्या तुटपुंज्या मनुष्यबळाला मी काय भिणार! चहा निवायच्या आत उत्तर कळवतो, असे मी तिला कळवूनही टाकले.

पडद्यावर पाहून जमेना, म्हणून मी माळ्यावरचा पट काढला. त्यातला एक काळा उंट कोणत्याशा दिवाळीच्या साफसफाईत गहाळ झाला होता आणि दुसरा कोणी तोंडात घालून इतका चावला होता की, तो उंट आहे हे सांगावे लागले असते. तेव्हा पत्नीच्या शिलाई मशीनची काळ्या दोऱ्याची बॉबिन मी त्या जागी नेमली.

पहिली रात्र मारामारीत गेली. हत्तीने कोपऱ्यातले प्यादे मारून शह दिला की उंट हत्तीला खातो. प्याद्याने तेच प्यादे मारावे, तर उंट त्या प्याद्याला खातो. मी प्रत्येक वेळी काही तरी गमावत होतो आणि काळा राजा कोपऱ्यात स्वस्थ बसून होता. रचलेल्या कोड्यात पहिलीच चाल शह देणारी किंवा मारणारी असणे हे बहुधा कमअस्सलपणाचे लक्षण मानतात, हे मला नंतर समजले. तोवर मी त्या कमअस्सलपणात रात्री साडेबारापर्यंत रमलो होतो.

मंगळवारी चौकशी केल्यावर कळले की, हे कोडे पॉल मॉर्फीच्या नावावर आहे. हा अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा बुद्धिबळपटू १८३७ साली जन्मला, विशीत युरोपभर भल्याभल्यांना हरवून आला आणि १८५८ साली पॅरिसमध्ये पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी खेळला. माझ्यापुढे पट होता, चहा होता, चष्मा होता आणि प्रतिस्पर्ध्याच्या जागी एक बॉबिन होती.

मात्र त्या रात्री मला खरोखरच एक गोष्ट सुचली. उंट जागचा हलला की हत्ती सरळ वर येऊन कोपऱ्यातले प्यादे मारतो आणि मात होते, कारण त्या हत्तीला पांढऱ्या प्याद्याचा आधार असतो. म्हणजे आपण काहीच करायचे नाही. हत्ती उगाच एक घर पुढे सरकवायचा आणि काळ्याला चाल करायला भाग पाडायचे! कोपऱ्यातले प्यादे तिरके मारू शकत नाही, कारण ते बाजूला झाले की त्याच्याच राजाला हत्तीचा शह बसतो. उंटापुढचे प्यादे तर अडलेलेच आहे. उरला उंट, आणि तो हलला की मेला. मी विजयाचा सविस्तर मजकूर लिहून पाठवला. उत्तर आले, "मामा, कोपऱ्यातलं प्यादं सरळ एक घर पुढे. आता?"

आता काही नाही. ते प्यादे तिरके जाऊ शकत नव्हते, पण सरळ पुढे जाण्यास त्याला कोणाची मनाई होती? मी त्याला दोरीने बांधलेले समजत होतो आणि ते दाव्याला बांधलेल्या वासराप्रमाणे दावे पुरेल तितके पुढे येऊन उभे राहिले होते.

बुधवारी मी ऑफिसात रजेच्या अर्जावर सही करताना मनातल्या मनात ते वासरू थोपवत होतो. त्याच्या पुढच्याच घरात काही तरी उभे करायला हवे. पण उभे करायला माझ्याकडे हत्तीखेरीज आहेच काय, आणि त्या घरात हत्ती ठेवला तर शेजारचे प्यादे त्याला तिरके मारणार. मग मारू दे की! रात्री भात परतताना (ते काम माझ्याकडे आहे) मी हातातला झारा घेऊनच पटाशी आलो आणि हत्ती त्याच, खालून सहाव्या घरात ठेवला. प्याद्याने तो मारला, तर ते ज्याला अडवून होते, ते पांढरे प्यादे एक घर पुढे सरकते आणि मात होते. न मारले, तर उंटालाच हलावे लागते आणि मग हत्ती मात करतो. काळ्याकडे सगळ्या मिळून सातच चाली, आणि साती बुडीत. भात तळाशी लागल्याचा वास आला, पण तो मला त्या क्षणी फार लांबून येतो आहे असे वाटले.

भाचीला कळवले. "हो," एवढेच उत्तर आले, आणि पाठोपाठ तीन चालींचे कोडे.

ते मी उघडले नाही. या उंटाच्या सहा घरांवरच्या सहा माता मला एकेक करून पाहायच्या होत्या. काळा दोरा पटावर लोळत होता. पहिल्या घरावर मात, दुसऱ्यावर मात, तिसऱ्यावर, चौथ्यावर, पाचव्यावर. सहाव्या घराकडे मी हात नेतो तोच मागून आवाज आला, "अहो, तो उंट द्या इकडे. ब्लाउजला टीप मारायची आहे."