शेणाने सारवलं की वाळूमाशी येत नाही म्हणे!

'चांदीपुरा व्हायरसची माशी, प्रत्येक आईपर्यंत पोचवा' हा मेसेज पावसाळा लागला की उगवतो. चांदीपुरा म्हणजे लहान मुलांना मेंदूज्वर आणणारा विषाणू, आणि ही माशी घालवायला घर शेणाने सारवा, असं मेसेज सांगतो. यंदा तो आमच्या वहिनींपर्यंत पोचला. त्यांनी गोठ्यालगतची मातीची खोली शेणाने सारवून घेतली आणि आठ महिन्यांच्या नातीचा पाळणा तिथे नेऊन टांगला. म्हणून हे लिहिणं आलं.

मेसेजसोबतचा फोटोच चुकीचा. हिरव्या टपोऱ्या डोळ्यांची ती गुरांना चावणारी गोमाशी आहे. हा विषाणू पसरवणारी सँडफ्लाय, म्हणजे वाळूमाशी, जेमतेम 2-3 मिलिमीटरची. मळकट रंग, अंगभर लव, बसली की दोन्ही पंख इंग्रजी व्हीसारखे उभे. भिंतीवर बोट नेलं तर भुर्रकन उडत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते.

'बांधकामाच्या वाळूत राहते.' नाव ऐकून ठोकून दिलेलं. तिचा मुक्काम भिंतीच्या भेगांत.

'गुणगुण ऐकली की सावध व्हा.' ही माशी गुणगुणतच नाही. आवाजाची वाट बघत बसलात तर सकाळी मुलाच्या अंगावर गांधीच दिसतील.

आता ते शेण. वाळूमाशीची मादी अंडी घालते ती अंधाऱ्या, ओलसर, कुजक्या जागी: गोठ्याची जमीन, मातीच्या भिंतीतली फट. अळ्या कुजका पालापाचोळा आणि शेणच खाऊन वाढतात. म्हणजे तिला हुसकायला आपण तिच्या पोरांचं ताट वाढतोय! नर झाडांच्या गोड रसावर भागवतो. रक्त लागतं मादीला, अंड्यांसाठी. दिवेलागणीला ती बाहेर पडते. डासासारखी लांब सोंड नसते. आखूड, करवती तोंडाने कातडी कापते आणि तिथे साचलेलं रक्त पिते. शेजारी गाय, इकडे पाळण्यात बाळ. आणखी काय हवं तिला?

सारवल्याने भेगा बुजतात, एवढं मान्य. पण भेगाच बुजवायच्या तर चुना-सिमेंट आहे की.

'चावली की 48 तासांत मूल जातं.' अर्धं खरं, आणि तेच लोकांना घाबरवतं. प्रत्येक माशीत विषाणू नसतो. मात्र आजार झालाच तर लक्षणं दिसल्यापासून एक-दोन दिवसांत मूल दगावू शकतं, हे नाकारत नाही. हा विषाणू 1965 साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुऱ्यात सापडला, म्हणून हे नाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे 2024 च्या जून ते 15 ऑगस्टदरम्यान भारतात मेंदूज्वराचे 245 रुग्ण झाले, 82 दगावले; त्या 245 रुग्णांपैकी चांदीपुऱ्याचे म्हणून निश्चित झालेले 64. लस नाही, खास औषध नाही. ताप, उलट्या, झटके दिसले की मूल उचलायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. मेसेजमध्ये नेमकी हीच ओळ नाही.

पाळणा काल रात्री पुढच्या खोलीत आला. नेहमीच्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आरामात शिरते, तेव्हा बारीक जाळीची शनिवारी घेऊन जातोय. वहिनी अजून बोलत नाहीत.